पांढऱ्या गाडीवरचा निळा पट्टा

"फोर सेव्हन टू नाइन," मागचा दरवाजा उघडून आत बसता बसता तो मुलगा म्हणाला आणि कानात इअरफोन खुपसून त्याने डोळे मिटले.

सूर्यकांत हुदलीकर मारतहळ्ळीच्या पुलाजवळ गाडी लावून प्रमोदिनीबाईंची वाट बघत होते. बाई समोरच्या दुकानात गवारीची एकेक शेंग मोडून बघत होत्या, म्हणजे अजून बराच अवकाश होता. विमा कंपनीतून विभागीय अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने, ही टॅक्सी नाही आणि तो आकडा आपल्या काही कामाचा नाही, हे किती भाषांत सांगावं? सूर्यकांतांनी आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत, शेवटी ऑफिसातल्या ठेवणीतल्या इंग्रजीत. मुलाने एक डोळा उघडून विचारलं, "कॅश चाहिए क्या?"

गाडी पांढरी, एवढाच तिचा गुन्हा. घेताना शोरूममधल्या माणसाने सांगितलं होतं की पांढरा रंग उन्हात कमी तापतो आणि पुढेमागे विकायला सोपा जातो. बेंगळुरूतल्या समस्त टॅक्सीवाल्यांनाही हेच सांगितलेलं आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. नंबरप्लेट पांढरी की पिवळी हे बघत बसायला या शहरात कुणाला वेळ नाही. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरे केस आणि मागच्या सीटवर एक बाई, एवढ्यावर लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात.

आता त्या मागच्या सीटवरच्या बाईंविषयी. प्रमोदिनीबाई पूर्वी पुढेच बसत. पण पुढे बसल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागे. तिथे ब्रेक नाही ही गोष्ट त्यांच्या पायाने कधीच मान्य केली नाही. शिवाय तोंड चालू: "अहो, बस!", "अहो, खड्डा!", "अहो, ती म्हातारी बघा, ती बघा, बघितलीत का?" एकदा सिल्क बोर्डच्या चौकात दिवा हिरवा झालेला असताना सूर्यकांतांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून बाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "घे, तूच चालव." मागे हॉर्नचा जो काही गदारोळ झाला, त्यात दोघांचा तह झाला. बाईंनी मागे डाव्या बाजूला बसावं, कानात कीर्तन लावावं आणि तोंडातून ब्र काढू नये. तेव्हापासून गाडीत शांतता होती आणि सूर्यकांत त्या तहाबद्दल स्वतःवर बेहद्द खूश होते.

बाहेरचे लोक ओटीपी सांगतात तोवर ठीक. पण प्रकरण विहिणीपर्यंत गेलं, तिथे सगळं बिनसलं.

त्यांची मुलगी निधी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिथेच तिने सोलापूरचा अभिराज पसंत केला. अभिराजची आई महानंदाबाई पहिल्यांदा बेंगळुरूला आल्या, तेव्हा त्यांना आणायला सूर्यकांत सिटी स्टेशनवर गेले. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून निधीने बाबांच्या हातात एक पुठ्ठा दिला होता, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'महानंदा'. बाईंनी पुठ्ठा वाचला, त्याच हातात बॅग दिली आणि गाडीत मागे प्रमोदिनीबाईंशेजारी जाऊन बसल्या. घर येईपर्यंत दोघींच्या गप्पा रंगल्या. सूर्यकांतांनी दोनतीनदा खाकरून बघितलं. डोमलूरच्या पुलावर महानंदाबाई हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हर बाकी चांगला मिळालाय हो तुम्हाला. अगदी शांत." प्रमोदिनीबाईंना त्याच वेळी असा ठसका लागला की खुलासा करायचा राहूनच गेला. घरी पोचल्यावर सूर्यकांत आपल्याच सोफ्यावर टेकले, तेव्हा विहीणबाई मायेने म्हणाल्या, "बसा, बसा. पाणी पिऊन मगच जा."

पुढे खुलासा झाला. महानंदाबाई इतक्या ओशाळल्या की पोह्यांना हात लावेनात. पण किस्सा सोलापूरला जायचा तो गेलाच. आणि आता येत्या रविवारी त्या पुन्हा येणार होत्या, या खेपेला त्यांच्या सासूबाई, भागुबाई, यांना घेऊन. त्या घरात शेवटचा शब्द भागुबाईंचा. मुलगी फोटोत बघितली, आता तिच्या घरची माणसं बघायची आहेत, असा त्यांचा निरोप होता. त्या म्हातारीने आपल्याला पहिल्या नजरेत मुलीचा बाप म्हणून ओळखलं पाहिजे, एवढं एकच सूर्यकांतांना हवं होतं. जावई, साखरपुडा, हॉल, जेवण, कशाबद्दलही त्यांचा आग्रह उरला नव्हता.

"काका, रेसिंग स्ट्राइप्स!" तिसऱ्या मजल्यावरचा अजिंक्य लिफ्टमध्ये म्हणाला. हा पुण्याचा मुलगा, संगणकावर काहीतरी करायचा आणि बाकी सगळं व्हिडिओ बघून शिकायचा. "बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन पट्टे. टोटली स्पोर्टी! कॅबवाला असले पट्टे लावणारच नाही. आणि घरी करता येतं. सोप वॉटर स्प्रे करायचं, व्हाइनल ठेवायचं, वरून पाणी निपटायला स्क्वीजी फिरवायची, डन."

लिफ्टमध्ये मिळालेल्या सल्ल्यावर माणसाने निदान घरी पोचेपर्यंत विचार करावा. सूर्यकांतांचा विचार दुसऱ्या मजल्यावरच झाला. रंगाचा प्रश्न तेवढा उरला. पिवळा म्हणजे पुन्हा टॅक्सी. लाल या वयात शोभणार नाही. काळा शुभकार्याला नको. निळा मात्र भारदस्त, ज्यात उभी हयात काढली त्या विमा कंपनीच्या कॅलेंडरवरचा रंग. जे. सी. रोडवरच्या दुकानदाराने निळ्या विनाइलचं, म्हणजे मागून चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या कागदाचं, भेंडोळं बांधताना विचारलं, "नीवे हाकतीरा, सार?" म्हणजे तुम्ही स्वतःच लावणार का. सूर्यकांत मोठ्या अभिमानाने हो म्हणाले. दुकानदाराने त्यांच्याकडे अंमळ जास्तच वेळ बघितलं आणि गुंडाळी आणखी एका कागदात बांधून दिली.

शनिवारी सकाळी मल्लिगे रेसिडेन्सीच्या पार्किंगमध्ये सूर्यकांत बादली घेऊन उतरले आणि समोर भाग्यलक्ष्मी अक्का उभ्या. सोसायटीच्या सेक्रेटरी, माहेर बीदरचं, त्यामुळे मराठी पाजळलेलं आणि नियम तोंडपाठ.

"हे मॉडिफिकेशन आहे का डेकोरेशन, अण्णा?" त्यांनी विचारलं. "मॉडिफिकेशनला कमिटीची मीटिंग लागते. मीटिंगला कोरम लागतो. कोरम होत नाही."

"डेकोरेशन," सूर्यकांत घाईघाईने म्हणाले.

"डेकोरेशन फक्त सणाला चालतंय. आज कुठला सण?"

हा पेच मोठा होता. दसरा होऊन पंधरवडा उलटला होता. पण अक्काच बिचाऱ्या मदतीला आल्या. दसऱ्याला तुम्ही मुलीच्या खोलीवर गेला होता, गाडीची आयुधपूजा राहिली असेल तर ती आज करून घ्या, म्हणजे डेकोरेशन नियमात बसतं. आणि टँकरच्या पाण्याची बादली वर परत न्या, फवाऱ्याची एक बाटली पुरे. झालं. अक्कांनी स्वतः वर जाऊन तबक आणलं. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर फुलं वाहिली आणि अंगाऱ्याची चिमूट टाकली. अजिंक्यच्या व्हिडिओतला गोरा माणूस तेवढ्यात बजावत होता की पृष्ठभागावर धुळीचा कणही असता कामा नये.

"कुंकू पुसू नका हं लगेच," अक्का म्हणाल्या. "अपशकुन होतो." आणि त्या तिथेच खुर्ची टाकून बसल्या.

इतक्यात गुरुराज आले. हे तळमजल्यावरचे, निपाणीचे, रस्तेबांधणीत नोकरी करून निवृत्त झालेले. यांनी आयुष्यभर रस्त्यांच्या मधोमध रेघा आखल्या होत्या आणि गेली चार वर्षं आखायला काहीच नव्हतं. ते सुतळी, खडू आणि ओळंबा घेऊनच आले.

"सेंटर लाइन माझ्यावर सोडा की, सूर्यकांतअण्णा," ते म्हणाले. "तुम्ही फक्त चिकटवा."

सेंटर लाइनवरून अजिंक्य आणि गुरुराज यांच्यात वाद झाला. अजिंक्यचं म्हणणं, बॉनेटवरच्या कंपनीच्या चिन्हावरून मध्य धरायचा. गुरुराजांचं म्हणणं, ते चिन्ह मागच्या ठोकरीनंतर गॅरेजवाल्याने बसवलंय, त्याच्यावर कसला विश्वास, मध्य हा मागच्या काचेवरून धरायचा. अखेर सूर्यकांतांनी साहेबी खाक्याने तोडगा काढला: बॉनेट अजिंक्यच्या मापाने, टप आणि डिकी गुरुराजांच्या. ऑफिसात असे तोडगे पुष्कळ खपून जात.

मग फवारा मारला. कुंकू विरघळलं आणि बॉनेटवर गुलाबी ओघळ आले. सूर्यकांतांनी पहिल्या पट्ट्याचा मागचा कागद सोलला मात्र, बाहेरून वाऱ्याची एक झुळूक आली. विनाइल फडफडलं, उलटलं आणि एक टोक सूर्यकांतांच्या हाताला तर दुसरं गुरुराजांच्या बनियनला जाऊन बसलं. दोघे एकमेकांपासून दूर होऊ लागले तसा मधला भाग ताणून स्वतःशीच चिकटला.

"स्वल्प ई कडे!" गुरुराज ओरडत होते. थोडं इकडे या, असं त्यांना म्हणायचं होतं, पण सूर्यकांत तिकडेच बांधलेले होते.

"काका, डोंट पॅनिक," व्हिडिओ मागे घेत अजिंक्य म्हणाला, "तो माणूस म्हणतोय हे होतं कधी कधी." एवढं तो बोलतोय तोच त्याचा फोन वाजला, ऑफिसातली कसलीशी यंत्रणा कोसळली होती, आणि तो फोनसकट, म्हणजे व्हिडिओसकट, वर निघून गेला. पहिला पट्टा सुटला तो सूर्यकांतांच्या हातावरचे केस घेऊनच. त्याचा बोळा अक्कांनी ओला कचरा की सुका यावर विचार करत बाजूला ठेवला.

उरला एक पट्टा. दोनाचा एक झाला तर होऊ दे, मधोमध एकच, तोही रुबाबदारच दिसेल, असं सूर्यकांतांनी स्वतःला समजावलं. स्क्वीजी नव्हती म्हणून प्रमोदिनीबाईंचं डोशाचं उलथनं आणलं. फुगे आले ते टाचणीने फोडले. गुलाबी पाण्याचे फुगे फुटताना पट्ट्याला पुळ्या आल्यासारखं दिसत होतं. त्यांनी बॉनेट केलं, टप केला, डिकी केली. दुपारी दोघे चार पावलं मागे सरले आणि आपलं काम बघू लागले.

बॉनेटवरचा पट्टा समोरच्या काचेपाशी यायचा आणि टपावर चांगला चार बोटं डावीकडून पुन्हा सुरू व्हायचा.

गुरुराजांनी एक डोळा मिटून सुतळी पुन्हा धरून बघितली. मग म्हणाले, "डायव्हर्जन आहे असं समजायचं."

एवढ्यात प्रमोदिनीबाई उलथनं शोधत खाली आल्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच विचारलं, "याने ती बाई तुम्हाला ओळखेल?" प्रश्न साधा होता, पण सूर्यकांतांच्या काळजाला लागला. ते म्हणाले, "चल, एक चक्कर मारून येऊ. लोक कसे बघतात ते बघ." बाई नेहमीप्रमाणे मागे डावीकडे बसल्या, कानात कीर्तन लावलं.

लोक बघत होते, यात वाद नाही. रिंग रोडवर एका बसचे यच्चयावत प्रवासी एका बाजूला झुकून बघत होते. सूर्यकांतांची मान ताठ होत चालली होती. कुणी ओटीपी सांगितला नव्हता, कुणी दरवाजा उघडला नव्हता. आणि मग वाहतूक पोलिसाने हात केला.

त्याने गाडीभोवती फिरून पट्टा बघितला, वाकून नंबरप्लेट बघितली आणि तो खूश झाला. सावज मिळालं की माणूस होतो तसा. पांढऱ्या गाडीवर मधोमध निळा पट्टा म्हणजे टूरिस्टची भाड्याची गाडी, असं त्याचं म्हणणं. मग नंबराचा बोर्ड बिळी, म्हणजे पांढरा, कसा, पिवळा का नाही? पांढऱ्या बोर्डावर भाडी मारता? परमिट दाखवा.

"अहो, ही माझी खासगी गाडी," सूर्यकांत कन्नडमध्ये म्हणाले. "मी रिटायर्ड विभागीय अधिकारी."

"रिटायर झाल्यावर बरेच जण चालवतात, सार," पोलीस सहानुभूतीने म्हणाला आणि त्याने मागच्या काचेतून आत डोकावून बघितलं. "पॅसेंजर कोण? कुठून बसल्या?"

"पॅसेंजर नाही, हेंडती आहे माझी! बायको!"

प्रमोदिनीबाईंचं कीर्तन चालूच होतं. त्यांनी पोलिसाला बघून शांतपणे हात जोडले. पोलीस त्यांच्याकडे बघून सूर्यकांतांकडे वळला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर खरं कुतूहल दिसलं.

"बायको आहे तर मागे का बसवलीय, सार? पट्टा काय, सोन्याचा पत्रा ठोकलात तरी लोक ड्रायव्हरच म्हणणार." मग त्याने आवाज खाली आणला. "भांडण झालंय का?"

 पट्टा आजच्या आज काढतो असं कबूल करून सूर्यकांत सुटले. परत येताना गाडीत नेहमीची शांतता होती, पण आज ती त्यांना टोचत होती. पोलिसालासुद्धा आपली कीव आली, हे त्यांच्या मनातून जाईना. मागे प्रमोदिनीबाईंनी पोलीस बोलत असतानाच कानातले इअरफोन काढून हातात धरले होते, हे त्यांना आता आरशात दिसलं.

सकाळी चिकटता चिकटत नव्हता तो पट्टा आता निघता निघेना. केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली, नखं मोडली. टपावरचा एकदाचा निघाला, पण डिंक राहिला. बॉनेटवर मागच्या ठोकरीनंतर जो रंग मारला होता, तो मात्र पट्ट्याबरोबर पापुद्र्यासारखा उठून आला आणि खालचं राखाडी अस्तर उघडं पडलं. रात्री खाली आलेला अजिंक्य म्हणाला, "काका, ॲक्चुअली, मॅट ग्रे स्ट्राइप इज अ थिंग." सूर्यकांतांनी यंत्राची वायर गुंडाळली. रविवारी सकाळी बघतात तर टपावरच्या डिंकाला पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या झाडाची पिवळी पानं, धूळ आणि एक कबुतराचं पीस चिकटलेलं. आता ती गाडी टॅक्सी वाटत नव्हती. कुठल्याही टॅक्सीवाल्याने अशी गाडी रस्त्यावर आणली नसती.

सूर्यकांतांनी कपाटातून कोट काढून अंगात घातला. बेंगळुरूच्या सकाळीही कोटात घाम येतो, पण इलाज नव्हता. पुठ्ठा घेतला नाही, प्रमोदिनीबाईंना तेवढं बरोबर घेतलं. स्टेशनवर आगगाडी लागली, तेव्हा सामान घेणाऱ्या हमालांच्या आणि "टॅक्सी? टॅक्सी?" करणाऱ्या ड्रायव्हरांच्या गर्दीत ते हात मागे बांधून, होईल तेवढे बापासारखे उभे राहिले. महानंदाबाईंनी लांबूनच हात केला. सोबत भागुबाई: काष्ट्याचं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि सगळं काही तोलून बघणारे बारीक डोळे. सूर्यकांत नमस्काराला वाकले आणि नेमकी महानंदाबाईंची बॅग घसरली, ती त्यांनी सवयीने झेलली. भागुबाईंनी बॅग बघितली, कोट बघितला, गाडीचं ते ध्यान बघितलं. म्हातारीच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. सोलापूरला गेलेला किस्सा त्या कोपऱ्यावर येऊन थांबला आहे, हे सूर्यकांतांना कळलं आणि त्यांना रडायला आलं.

भागुबाई आणि महानंदाबाई मागे बसल्या. मागे तिसरी जागा होती, प्रमोदिनीबाईंची नेहमीची. त्या दाराशी क्षणभर थांबल्या. मग वळसा घालून पुढे आल्या, दार उघडलं, सीटवरची सूर्यकांतांची पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसल्या.

"पट्टा लावा," त्या म्हणाल्या. "आणि आरसा नीट करा. काही दिसतंय का त्यात?"

सूर्यकांत बघतच राहिले. पण मागे हॉर्न वाजायला लागले होते. गाडी स्टेशनच्या बाहेर पडते न पडते तोच प्रमोदिनीबाईंचा उजवा पाय खाडकन नसलेल्या ब्रेकवर पडला.

"अहो, रिक्षा! रिक्षा आली ना!"

"दिसली."

"दिसली तर मग एवढं जवळ कशाला जायचं? आणि तिसऱ्यात का चालवताय? अहो, खड्डा! कालपासून सांगतेय, कोट घालू नका, घालू नका. त्या बाहीने गिअर तरी नीट पडतोय का? डावीकडे घ्या. डावीकडे, म्हणजे माझ्या बाजूला! एक पट्टा सरळ लावता येत नाही आणि मला म्हणतात, घे, तूच चालव."

साठलेलं होतं. कितीतरी वर्षांचं होतं. रिचमंड सर्कल येईपर्यंत त्यात गवारीच्या दुकानापाशी नीट न लावलेली गाडी, डोशाचं वाकलेलं उलथनं आणि पोलिसाला दिलेली उत्तरं, सगळं येऊन गेलं. सूर्यकांत एकदाही खाकरले नाहीत. त्यांची मान हळूहळू सरळ होत होती.

मागे भागुबाई इतका वेळ कान देऊन ऐकत होत्या. सिग्नलला गाडी थांबली, तशा त्या पुढे वाकल्या आणि सूर्यकांतांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "व्याहीबुवा, बरं हाय न्हवं?"

मग सुनेकडे वळून त्यांनी तिची चांगलीच हजेरी घेतली. "आगं महानंदे, ह्यास्नी तू ड्रायव्हर म्हनलीस व्हय? ड्रायव्हर असता तर यवढं ऐकून घेतलं असतं का? किल्ली हातावर ठिवून कवाच उतरून गेला असता."

सूर्यकांतांनी प्रमोदिनीबाईंकडे बघितलं. किल्ली त्यांनीही एकदा ठेवली होती. उतरले मात्र नव्हते.

दिवा हिरवा झाला.

"अहो, जाताय ना?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"जातो गं बाई," सूर्यकांत म्हणाले आणि त्यांनी गाडी अगदी सावकाश, तिला बोलायला भरपूर वेळ मिळेल अशी, पुढे काढली.